मुंबई-पुण्याबाहेरच्या नाट्यसंस्थेचं नाव देशभर होतं, ते कशामुळे?

विंगेतून

नमस्कार मंडळी. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी झाली की जिल्ह्याच्या गावी काय होतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. महिना-दीड महिना तालमी, एक प्रयोग, निकाल. नंबर आला तर अंतिम फेरीचा आणखी एक प्रयोग. मग सेट कुणाच्या तरी गोठ्यात किंवा गच्चीवर, आणि नटमंडळी आपापल्या नोकरीवर. चांगली, धीट नाटकं अशी दोन प्रयोगांत संपलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून उलट बाजूनं विचार करायचा आहे. मोठ्या शहराबाहेरच्या ज्या संस्थांचं देशात, परदेशात नाव झालं, त्यांनी काय वेगळं केलं?

माझ्या डोक्यात सगळ्यात आधी येतं ते कलाक्षेत्र मणिपूर. हैस्नाम कन्हाईलाल यांनी १९६९ साली इंफाळमध्ये ती काढली. त्याआधी ते दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले होते. तिथला हिंदी-इंग्रजीतला कारभार झेपला नाही आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पुढे आयुष्यभर त्यांनी जे नाटक केलं त्यात शब्द फार कमी आहेत. श्वास, हुंकार, गाणं, पाठीचा कणा, पायांचे तळवे, यांच्यावर सगळं उभं. आणि या सगळ्याच्या मध्यभागी त्यांच्या पत्नी, सावित्री हैस्नाम.

'पेबेट' हे १९७५ चं नाटक मणिपुरी आजीच्या गोष्टीवर आहे. एक चिमणीएवढी पक्षीण, तिची पिल्लं आणि त्यांच्यावर टपलेलं मांजर. आई मांजराची स्तुती करत वेळ काढते, पिल्लं मोठी करते. कन्हाईलालांनी मांजराला साधूचा वेष दिला आणि बाहेरून आलेली सत्ता-संस्कृती आपल्या पिल्लांना आपल्याविरुद्ध कशी उभी करते ते दाखवलं. लहान मुलांची गोष्ट म्हणून आलेला प्रेक्षक बघता बघता अस्वस्थ होतो.

मग २००० साली 'द्रौपदी'. महाश्वेता देवींच्या कथेवरचं. लष्करी कोठडीत बलात्कार झालेली बाई कपडे घालायला नकार देते आणि अधिकाऱ्यासमोर तशीच उभी राहते. पन्नाशी ओलांडलेल्या सावित्रीबाईंनी ते रंगमंचावर केलं. इंफाळमध्ये प्रचंड टीका झाली, तिथले प्रयोग थांबले. चार वर्षांनी, १५ जुलै २००४ ला, आसाम रायफल्सनं पकडून नेलेल्या थांगजम मनोरमाच्या मृत्यूनंतर १२ महिला कांगला किल्ल्याच्या, म्हणजे तेव्हाच्या आसाम रायफल्सच्या तळाच्या, दारात विवस्त्र होऊन उभ्या राहिल्या. त्याच शहरात.

कन्हाईलालांना पुढे पद्मभूषण मिळालं, सावित्रीबाईंना पद्मश्री. पण मला विचारायचंय ते त्या मधल्या वर्षांबद्दल. स्वतःच्या गावानं नाकारलेलं नाटक घेऊन संस्था टिकते कशी?

सह्याद्रीपलीकडे

फार महत्त्वाचा विषय. तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हेग्गोडूला मिळतं. शिमोगा जिल्ह्यात सागरजवळचं हे गाव, म्हणजे शहरही नाही. सुपारीच्या बागा असलेल्या मंडळींनी १९४९ साली तिथे नीनासम ही नाट्यसंस्था सुरू केली. के. व्ही. सुब्बण्णा तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे.

लोक नीनासमच्या नाट्यशिक्षणाबद्दल बोलतात (ती शाळा १९८० ची), १९९१ च्या मॅगसेसे पुरस्काराबद्दल बोलतात. शाळेआधीची तीस वर्षं मला जास्त मोलाची वाटतात. त्या काळात त्यांनी प्रेक्षक घडवला. गावकऱ्यांना चित्रपट मंडळातून सत्यजित राय आणि कुरोसावा दाखवले. पुस्तकं छापली. शेक्सपिअर कन्नडमध्ये आणला आणि शेतावरून आलेल्या माणसांनी तो केला. १९८५ पासून 'तिरुगाट' हा त्यांचा फिरता संच दर वर्षी नाटकं घेऊन कर्नाटकभर हिंडतो. तालुक्याच्या गावात, शाळेच्या पटांगणात, जिथे मिळेल तिथे.

आणि विविधतेचं म्हणाल तर उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाबरोबरचं काम. चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'वरचं नाटक चिदंबरराव जंबे यांनी सिद्दी लोकांना घेऊन केलं. आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आणलेल्यांचे वंशज, जंगलात राहणारे, आफ्रिकेतल्या गावावर गोऱ्यांची सत्ता कशी आली ती गोष्ट कन्नडमध्ये सांगतात. आज सिद्दी नट कन्नड रंगभूमीवर आणि सिनेमात दिसतात, त्याची सुरुवात अशा कामातून झाली.

रांग क

छान धागा. वाचतेय.

पडदा वर

विंगेतून ताई, एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ही उदाहरणं अपवादाची आहेत. आमच्या शहरात मुंबईचं विनोदी नाटक आलं की हजाराचं थिएटर भरतं, आणि गावातल्या पोरांनी बसवलेल्या गंभीर नाटकाला चाळीस माणसं, त्यातली वीस नातेवाईक. लोकांना जे नको आहे ते त्यांच्यावर लादून संस्था कशी चालणार? धाडस करायचं तर आधी तिकीट खपायला हवं.

झाडीतला

पडदा वर, तिकीट खपण्याबद्दल बोलताय तर एकदा वडश्याला या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर धान घरात आलं की होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे संपतो. गावचं मंडळ कंपनी ठरवतं, मंडप टाकतं, आजूबाजूच्या गावांतून लोक येतात, तिकीट काढून. कुणाचं अनुदान नाही. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आम्ही मात्र लहानपणापासून घोंगडी घेऊन समोर बसलेलो.

म्हणजे लहान गावाला नाटक नको असतं हे मला मान्य नाही.

पडदा वर

झाडीतला भाऊ, मान्य. पण झाडीपट्टीत प्रेक्षकाच्या आवडीचंच चालतं ना? गाणी, विनोद, लावणी, रडारड. धागा धीट नाटकाबद्दल आहे.

झाडीतला

दारू, हुंडा, अंधश्रद्धा, नक्षल आणि पोलीस यांच्यामध्ये अडकलेला माणूस, हे विषय आमच्याकडे येतात. रडारडीसकट येतात. जो माणूस त्या जंगलात राहतो त्याच्यासमोर तो विषय काढायला धीटपणा लागतोच. मांडणी ढोबळ असते, हे खरं. पण त्यावरून त्याला हलकं धरू नये एवढंच म्हणतो.

गोदाकाठ

जालन्याचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही याचं आश्चर्य वाटतं. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला'. २०१२ साली आलं. संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. तांगडे घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थचे. नटसंचातली बरीच मंडळी त्याच भागातली, शेती करणारी. त्याआधी तांगडे यांनी 'आकडा' केलं होतं, गावातल्या वीजचोरीवर. म्हणजे ही मंडळी एका रात्रीत उगवलेली नाहीत, त्यांची आपसातली तालीम जुनी होती.

नाटकात यम पृथ्वीवर महाराजांचे विचार शोधत फिरतो, जिरेटोप कुणाच्या डोक्यावर बसतो ते बघतो. शेवटी शाहिरांची जुगलबंदी होते: एकीकडे आपण मिरवणुकीत ऐकतो तो शिवाजी, दुसरीकडे रयतेचा, सर्व जातीधर्मांच्या माणसांना बरोबर घेणारा शिवाजी. महाराष्ट्रात या विषयाला हात घालायचा म्हणजे किती जोखीम, हे सांगायला नको. आणि तरी ते चाललं. मुंबईत, पुण्यात, छोट्या गावांतही. गाड्या भरून लोक यायचे. पडदा वर दादा, हे विनोदी नाटकही होतं आणि तिकीटही खपलं.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते बोली. जालन्याची भाषा जशीच्या तशी, कुठेही 'शुद्ध' केलेली नाही. शिवाजी पार्कातला प्रेक्षक ती ऐकून हसतो ते तिच्या विनोदाला हसतो, तिला हसत नाही. हे घडवून आणणं सोपं नाही.

संहिताप्रेमी

जोखमीवरून आठवलं. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रयोग. ही व्यवस्था पोलीस कायद्याखालच्या नियमांवर उभी आहे. २०१६ साली अमोल पालेकरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी बसवलं त्या वेळी लुगड्यावरचा रक्ताचा लाल डाग आक्षेपार्ह ठरला, तेव्हा तो निळा करून प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं गेलं की हा डाग लाल समजावा. लागू-तेंडुलकरांच्या पाठीशी मुंबईची वर्तमानपत्रं होती, वकील होते. जिल्ह्याच्या गावी असं काही झालं तर संस्थेच्या बाजूनं कोण उभं राहतं? म्हणून छोट्या गावातले लेखक आधीच स्वतःच्या हातानं वाक्यं खोडतात. मंडळापर्यंत ती पोचतच नाहीत. माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं.

डिमरवाला

मी प्रकाशयोजना करतो, जिल्ह्याच्या ठिकाणी, त्यामुळे जरा पैशाचं बोलतो.

नाट्यगृहाचं भाडं, लाईटचं भाडं, टेम्पो, मेकअप. एवढ्यातच संस्था आटपते. नटाला नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, देणं ही फार पुढची गोष्ट. त्यामुळे प्रयोग लावायचाच नाही असं होतं. आमच्या शहरातलं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं आणि दुरुस्ती लांबत गेली, त्या काळात दोन संस्था बंद पडल्या. तालमीला जागा नाही, प्रयोगाला जागा नाही, पोरं कंटाळून मालिकांच्या ऑडिशनला गेली.

कलाक्षेत्राकडे, नीनासमकडे स्वतःची जागा होती हे विसरू नका. इंफाळच्याच रतन थिय्याम यांच्या कोरस रेपर्टरीचं बघा. १९७६ साली सुरू झालेली संस्था. शहराबाहेर जमीन घेतली, तिथेच राहायचं, शेती करायची, सेट आणि कपडेपट स्वतः बनवायचा, तालीम करायची. म्हणून 'चक्रव्यूह'सारखं नाटक उभं राहिलं आणि एडिंबराच्या नाट्यमहोत्सवात फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला (१९८७). थिय्याम २०२५ मध्ये गेले.

एकाच इंफाळमध्ये एकाच काळात दोन संस्था. एकीकडे थिय्याम यांचं भव्य, रंग-प्रकाश-ढोल यांनी भरलेलं नाटक, दुसरीकडे कन्हाईलालांचा जवळपास रिकामा रंगमंच. एक शहर दोन्ही सांभाळू शकलं. मला हे फार मोठं वाटतं.

गोदाकाठ

डिमरवाला दादा, जागेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. अजून एक अडचण सांगते, बाईमाणसाची. तालीम नोकरी सुटल्यावर सुरू होते, साडेदहा-अकराला संपते. शहर लहान असलं की कोण कुणाच्या गाडीवरून घरी गेलं ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत असतं. मुली कॉलेजात असेपर्यंत एकांकिका करतात, लग्न ठरलं की थांबतात. मग संस्था दोन पात्रांची नाटकं शोधते, त्यातही बाईचं काम छोटं. बाईबद्दलचं धीट नाटक बाईशिवाय कसं होणार? आमच्याकडे एका गटानं तालीम सकाळी सहाला ठेवून पाहिली. त्या वर्षी चार बायका टिकल्या, त्यातल्या दोघी विवाहित. एवढ्याशा बदलानं केवढा फरक.

विंगेतून

गोदाकाठ, सकाळची तालीम! याबद्दल सविस्तर लिहा ना. खूप जणांच्या उपयोगी पडेल.

बाईमाणसावरून कन्हाईलालांचंच आणखी एक काम सांगते. १९७८ साली त्यांनी इंफाळच्या बाजारातल्या बायकांना घेऊन 'नुपी लान' केलं. विषय त्यांच्याच आज्यांचा: १९३९ साली तांदूळ बाहेर पाठवण्याविरुद्ध मणिपूरच्या बायकांनी केलेला उठाव. त्या बायकांनी त्याआधी कधी नाटक केलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी उमाथेल गावात गावकऱ्यांना घेऊन 'सञ्जेन्नाहा'. म्हणजे 'द्रौपदी'च्या आधी वीस वर्षं हा माणूस आपल्या शहरातल्या बायकांबरोबर, शेतकऱ्यांबरोबर काम करत होता. माझ्याच पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसायला लागलंय. गावानं एक नाटक नाकारलं तरी माणसं तोडली नाहीत, कारण ओळख जुनी होती.

सह्याद्रीपलीकडे

हे फार पटलं. आपल्याकडे अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' केलं, ते याच जातीचं काम. पुणं लहान शहर नाही, पण पद्धत कुठेही चालेल अशी. जोतीरावांची गोष्ट झाडू मारणारा माणूस सांगतो तेव्हा प्रत्येक वाक्याचं वजन बदलतं.

आणि आसाममध्ये गोआलपाड्याच्या रामपूर गावात बादुंगदुप्पा. शुक्राचार्य राभा यांनी उभी केलेली संस्था. कन्हाईलालांकडे शिकलेला माणूस. राभा भाषेत नाटकं, आणि सालवृक्षांच्या बनात महोत्सव: माईक नाही, विजेचे दिवे नाहीत, दिवसाउजेडी प्रयोग, बसायला बांबूच्या पायऱ्या. आजूबाजूच्या गावांतले लोक हजारोंनी येतात आणि परदेशी संचांची नाटकंही बघतात. राभा २०१८ मध्ये अगदी अकाली गेले. संस्था चालू राहिली.

डिमरवाला, तुमचं पोट भरायचं तर हे उदाहरण देऊ नये, पण दिलं. :)

डिमरवाला

दिवे नसलेलं नाटकही प्रकाशयोजनाच आहे हो. ऊन कुठून येतं ते बघून प्रयोगाची वेळ ठरवावी लागते, नटाला कुठे उभं करायचं ते ठरवावं लागतं. बघायला जायचंय मला.

संहिताप्रेमी

विविधतेचा मुद्दा मराठीत आला की दलित रंगभूमीला वगळून चालणार नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं. नांदेडचे दत्ता भगत, 'वाटा पळवाटा'. मूळचे विदर्भातले प्रेमानंद गज्वी, 'घोटभर पाणी', 'किरवंत'. गावं बघा: औरंगाबाद, नांदेड, विदर्भ. मराठीतली सगळ्यात धीट संहिता अनेकदा मुंबई-पुण्याबाहेरून आलेल्यांनी लिहिली. प्रयोग मात्र तिथल्या तिथे सातत्यानं करणारे संच उभे राहिले नाहीत, किंवा टिकले नाहीत. लागूंनी 'किरवंत' व्यावसायिक रंगभूमीवर आणलं तेव्हा ते सगळ्यांपर्यंत पोचलं.

नाटककार सतीश आळेकरांच्या पुढाकारानं पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनं १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यगटांसाठी योजना राबवल्या होत्या. गावोगावच्या गटांना त्यातून बळ मिळालं. अशा कामाला आज पुन्हा कुणीतरी हात घालायला हवा, आणि यावेळी ते जिल्ह्यातूनच सुरू व्हावं असं मला फार वाटतं.

पडदा वर

माझं मत थोडं बदलतंय, सांगायला हरकत नाही. पण अडचण उरतेच. आमच्याकडे आठ-दहा जणांचा गट आहे, नाट्यगृह परवडत नाही, प्रेक्षक चाळीस. उद्या सकाळी उठून आम्ही नेमकं काय करायचं?

विंगेतून

चाळीस प्रेक्षक आहेत ना? मग चाळीसच माणसं बसतील अशी जागा घ्या. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून आविष्कार या नाट्यसंस्थेनं हेच केलं. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे. छोटा हॉल, खाली रस्त्यावर भाजीबाजाराचा गोंगाट, आणि वर मराठीतली एका पिढीची महत्त्वाची नाटकं. हजाराच्या थिएटरात चाळीस माणसं म्हणजे पडलेलं नाटक दिसतं, शाळेच्या वर्गात चाळीस म्हणजे हाऊसफुल्ल. मुख्याध्यापकांना भेटा, रविवारचा वर्ग मागा.

दुसरं, एकच नाटक धरून महिन्यातून एक प्रयोग वर्षभर लावा. स्पर्धेत दोन प्रयोग करून नट कधीच भूमिकेत मुरत नाही. आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांशी बोला, ते काय म्हणतात ते लिहून ठेवा. संहिता तुमच्या शहराची असेल तर उत्तम: बंद पडलेली गिरणी असेल, धरणात गेलेलं गाव असेल, दोन वस्त्यांमधली भिंत असेल. सगळ्यांना माहीत असतं पण चारचौघांत कुणी काढत नाही, असा एखादा विषय प्रत्येक शहरात असतो.

पडदा वर

वर्गाची कल्पना आवडली. आमच्या गटातल्या दोघी शिक्षिका आहेत, शाळेत विचारतो. दिव्यांचं काय? वर्गात ट्यूबलाईट.

डिमरवाला

ट्यूबलाईट बंद करायच्या, खिडक्यांना आतून काळं कापड. चार छोटे पार (रंगमंचाचे दिवे) आणि उजेड कमी-जास्त करायला एक चार चॅनलचा डिमर पुरतो. दोन समोरून, जरा तिरके, छताजवळ. दोन मागच्या कोपऱ्यांतून, नटाच्या खांद्यावर येतील असे. प्रेक्षक इतके जवळ असतात की चेहऱ्यावर फार उजेड लागत नाही. शाळेची वायरिंग जुनी असेल तर एका प्लगवर सगळं टाकू नका, आधी वायरमनला दाखवून घ्या. कुठल्या जिल्ह्यात आहात ते व्यक्तिगत निरोपात कळवा. जवळ असाल तर पहिल्या प्रयोगाला माझे पार घेऊन येतो, भाडं नको.

गोदाकाठ

सकाळच्या तालमीबद्दल विचारलं होतं ते लिहिते. सहा ते साडेसात, आठवड्यातून पाच दिवस. पहिला अर्धा तास फक्त आवाज आणि शरीर, त्यात उशिरा येणाऱ्याला सूट नाही. मुलं असलेल्या बायका मुलांना घेऊन येतात, ती कोपऱ्यात झोपतात किंवा बघत बसतात. शनिवारी एक लांब तालीम, दुपारी. पाठांतर घरी. नोकरीवर जाणाऱ्यांना साडेसातला सोडायचं म्हणजे सोडायचं, प्रवेश अर्ध्यात असला तरी. हा शेवटचा नियम पाळला नाही तर घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत.